रंगीन महालाचा धनी : बिदरचा अली बरीद शाह

बिदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यात संतपूर हे गाव आहे. पाट्यांवर कन्नड, घरात मराठी आणि थोडे पुढे गेले की तेलुगू, असा या सीमाभागाचा जुना रिवाज. येथून एका बाजूला उदगीर आणि दुसऱ्या बाजूला बिदर अशी दोन किल्ल्यांची गावे आहेत. बिदरच्या वाटेवर मांजरा नदी लागते. ती ओलांडून पठारावर चढले की जमिनीचा रंग बदलतो. काळी माती मागे राहते आणि तांबडा जांभा सुरू होतो. गोव्याच्या माणसाला हा दगड नवा नाही. आपली घरे, देवळांचे प्राकार आणि कुंपणाच्या भिंती याच जातीच्या चिऱ्यांनी उभ्या राहिल्या. बिदरच्या किल्ल्याचा खंदक तर अखंड जांभ्यातच खोदून काढलेला आहे.

या तांबड्या, खरखरीत तटाच्या आत, घुमट दरवाजाजवळ, बाहेरून साधी दिसणारी एक वास्तू आहे. तिचे नाव रंगीन महाल. आकाराने ती मोठी नाही. विजापूरच्या गोल घुमटासारखी ती दुरून दिसत नाही आणि दिल्ली-आग्र्याच्या महालांशी विस्तारात तिची तुलनाही होणार नाही. परंतु दख्खनच्या सुलतानांनी आपली दालने आतून कशी सजविली याचा शोध घेणाऱ्याला या दाराशी यावेच लागते. तिला आजचे रूप देणारा राजा अली बरीद शाह इसवी सन १५४२ पासून १५८० पर्यंत बिदरच्या गादीवर होता. त्याचे राज्य दख्खनच्या पाच शाह्यांतील लहान राज्यांपैकी एक होते आणि त्याच्या हयातीत ते आणखी आक्रसले. तरीही त्याचे नाव आज टिकून आहे ते त्याने सजविलेल्या दालनांमुळे. हे कसे घडले, हे त्याच्या आयुष्यक्रमावरून समजते.

अली बरीदचा जन्म झाला त्या घराण्याकडे सत्ता होती, पण राजपद नव्हते. बिदर ही मुळात बहामनी सुलतानांची राजधानी. अहमद शाह वली याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, राजधानी येथे हलविली. पुढे महमूद गवान या इराणी वजिराने राज्याला वैभवाच्या शिखरावर नेले. १४७२ हे साल गोमंतकीयांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी गवानाने गोवा विजयनगरकडून जिंकून बहामनी राज्याला जोडला आणि त्याच वर्षी बिदरमधील त्याचा प्रसिद्ध मदरसा रंगीत फरशांच्या झळाळीसह पूर्ण झाला. नऊ वर्षांनी, १४८१ मध्ये, दरबारी कारस्थानाला बळी पडून सुलतानाच्या आज्ञेने त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्यामागे राज्याला सावरणारा कोणी उरला नाही. सुभेदार एकामागून एक स्वतंत्र झाले. विजापूर, अहमदनगर, वऱ्हाड आणि गोवळकोंडा येथे नवी घराणी उभी राहिली. राजधानीत मात्र सुलतान नावापुरता राहिला आणि कारभार कासिम बरीद या तुर्क सरदाराच्या हाती गेला.

कासिम १५०४ मध्ये वारला. त्याचा मुलगा अमीर बरीद याने जवळजवळ चार दशके सत्ता राखली. बहामनी वंशातले सुलतान तो गादीवर बसवीत असे आणि उतरवीतही असे. शेवटचा सुलतान कलीमुल्ला बिदर सोडून निघून गेला, तरी अमीर बरीदने स्वतःला राजा म्हणविले नाही. त्याच्या धूर्तपणामुळे लोक त्याला दख्खनचा कोल्हा म्हणत. पण धूर्तपणाने राज्य टिकते, प्रतिष्ठा मिळतेच असे नाही. विजापूरच्या इस्माईल आदिलशाहाने त्याला एकदा कैद केले, बिदर घेतले, तेथील संपत्ती वाटून टाकली आणि नंतर मेहेरबानी म्हणून राज्य परत दिले. मुलाने लहानपणापासून पाहिलेले राजकारण ते असे होते. घर बहामनी सुलतानांचे, किल्ल्या बरीदांच्या कमरेला आणि शेजाऱ्यांच्या नजरेत ते अजूनही कारभारीच.

१५४२ च्या सुमारास अमीर बरीद दौलताबाद येथे मरण पावला आणि अली बरीद गादीवर आला. त्याने आजोबांनी आणि वडिलांनी टाळलेली गोष्ट केली. आपल्या नावापुढे शाह ही राजपदवी लावली. बरीद घराण्यातला तो पहिला उघड राजा. ही पदवी त्याला पचू द्यायची नाही असे जणू शेजाऱ्यांनी ठरविले होते. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाने औसा, कंधार आणि उदगीर हे किल्ले जिंकून घेतले. विजापूरच्या इब्राहिम आदिलशाहाची मदत मिळावी म्हणून अली बरीदला कल्याणीचा किल्ला पुढे करावा लागला. आजच्या नकाशावर ही नावे लातूर, नांदेड आणि बिदर जिल्ह्यांत शोधता येतात. राजपद मिळाले, पण राज्याच्या सीमेवरचे भक्कम किल्ले एकेक करून हातचे गेले. उदगीर गेल्यावर संतपूर-औरादचा मुलूख हीच त्याची वायव्येची कड झाली असणार.

अशा राजाने काय करावे? सैन्य वाढवावे तर महसुलाला मर्यादा. मुलूख वाढवावा तर चहूकडे बलाढ्य शेजारी. अली बरीदने शेजाऱ्यांना आळीपाळीने राजी राखण्याचे घराण्याचे राजकारण चालू ठेवले आणि दुसरीकडे बहामनींच्या जुन्या वास्तूंना नवे रूप देण्यास प्रारंभ केला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असावा असे वाटते. ज्याच्या पदवीवर कोणाचा फारसा विश्वास नाही, त्याला ती पदवी डोळ्यांनी दिसेल अशी व्यवस्था करावी लागते. विजापूरचा वा गोवळकोंड्याचा वकील दरबारात आला तर त्याने बाहेर अपुरे सैन्य पाहिले तरी चालेल, पण आत पाऊल टाकताच आपण राजापुढे उभे आहोत याची त्याला जाणीव झाली पाहिजे. रंगीन महाल पाहताना हा हेतू पदोपदी लक्षात येतो.

ही जागा त्याने नव्याने निवडलेली नव्हती. १४८७ मध्ये राजवाड्यात बंडखोरांनी महमूद शाह बहामनीवर हल्ला केला, तेव्हा दरवाजाजवळची ही सुरक्षित बाजू राजनिवासासाठी उपयोगात आली असे मानले जाते. अली बरीदने त्या जुन्या वास्तूची फेररचना केली. दर्शनी भाग त्याने जवळजवळ साधाच ठेवला आणि सारे वैभव आत नेले. आधी लाकडी खांबांचे दालन लागते. हे खांब, त्यांचे माथे आणि वरच्या भाराला आधार देणाऱ्या कोरीव तोड्यांची घडण पाहिली की देवळांच्या मंडपांची आणि जुन्या वाड्यांच्या चौकांची आठवण होते. हे काम स्थानिक सुतारांच्या परंपरेतले आहे. दख्खनच्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी लाकूड कोरले, त्यांच्याच हातांना येथे राजाने बोलावले असणार.

त्या दालनातून पुढे गेले की लाकूड संपते आणि रंग सुरू होतो. भिंतींच्या खालच्या भागावर रंगीत फरशांची जडणकामे आहेत. निरनिराळ्या रंगांच्या फरशा कापून, त्यांचे तुकडे एकमेकांना भिडवून वेलबुट्टी आणि भौमितिक नक्षी साधण्याची ही इराणी रीत. महमूद गवानाच्या मदरशावर ती बाहेरून झळकते, येथे ती दालनात उतरली आहे. आणि शेवटी, राजाच्या बैठकीच्या दालनाच्या दाराशी, या महालाचे खरे लेणे दिसते. काळा कातळ घोटून आरशासारखा गुळगुळीत केलेला, त्यात बारीक खोबणी कोरलेल्या आणि त्या खोबणींत शिंपल्याचे तुकडे बसविलेले. वेली, पाने, फुले आणि फारसी पद्यांच्या ओळी, सारे काही काळ्यावर शुभ्र. उजेडाचा कोन बदलला की त्या शुभ्रात गुलाबी आणि निळसर छटा तरळते.

गोव्याच्या वाचकाला येथे घरच्या खिडक्या आठवतील. आपल्या जुन्या घरांत काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदाने बसवीत आणि त्यांतून गाळून आलेला मऊ उजेड खोलीत पसरे. तो शिंपला निराळ्या जातीचा आणि त्याचा उपयोगही निराळा. आपल्याकडे समुद्र दाराशी होता, म्हणून शिंपला घरोघरी गेला. बिदर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, त्यामुळे तेथे पोहोचलेला प्रत्येक शिंपला व्यापाऱ्याच्या ओझ्यातून, घाट चढून, जकाती भरून आला असला पाहिजे. तेथे तो दुर्मिळ होता आणि म्हणूनच राजाच्या दारावर शोभला. तो काळ्या कातळात बसविणे हे तर त्याहून अवघड. शिंपला ठिसूळ, तर हा दगड टणक. खोबण केसभर मोठी झाली तर तुकडा निखळतो, लहान झाली तर तो बसविताना फुटतो. चारशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही त्यातले पुष्कळसे काम जागच्या जागी आहे, यावरून त्या हातांची पारख व्हावी.

त्या कारागिरांपैकी बहुतेकांची नावे लोकस्मृतीतून गेली. रंगीन महाल अली बरीदच्या नावे ओळखला जातो. मात्र मराठी-कानडी सुतार, दगड घोटणारे पाथरवट आणि इराणी रीतीत तयार झालेले फरशीकाम करणारे यांना एका छपराखाली आणून त्यांच्या कामाचा मेळ घालणे हे श्रेय राजाकडे जाते. आजच्या भाषेत बोलायचे तर हे काम अंतर्गत सजावटकाराचे. कोणत्या दालनात लाकूड, कोठे फरशी, कोठे काळा दगड आणि या साऱ्याचा क्रम काय, याचा विचार कोणीतरी केलेला आहे. पाहणाऱ्याची नजर तपकिरी लाकडापासून रंगांकडे आणि रंगांतून काळ्या-पांढऱ्याकडे नेली जाते. सर्वांत रंगीत भाग शेवटी न ठेवता सर्वांत संयमी भाग शेवटी ठेवला आहे, हे या रचनेचे मर्म म्हणावे लागेल.

काळ्यावर शुभ्र ही जोडी बिदरने आणखी एका कलेत जगाला दिली. जस्त आणि थोडेसे तांबे यांच्या मिश्रधातूची वस्तू ओतायची, तिच्यावर नक्षी कोरायची, चरांत चांदीची तार वा पत्रा ठोकून बसवायचा आणि शेवटी किल्ल्यातील जुन्या मातीच्या द्रावात ती बुडवून धातू काळाभोर करायचा. चांदीवर मातीचा परिणाम होत नाही, ती काळ्यावर उजळून दिसते. हेच बिदरी काम. त्याला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बिदरी कला अली बरीदने सुरू केली असे म्हणता येणार नाही, तिचा संबंध परंपरा बहामनी काळाशी जोडते. परंतु ज्या नगरात कारागीर काळ्या धातूत चांदी बसवीत आणि काळ्या दगडात शिंपला, त्या नगराची म्हणून एक दृष्टी होती आणि तिचा ठेवा रंगीन महालात सापडतो, एवढे निश्चित.

राजकारणात अली बरीदच्या वाट्याला एकच मोठा विजय आला आणि तोही भागीदारीतला. २३ जानेवारी १५६५ रोजी, तालिकोट या नावाने प्रसिद्ध असलेल्या लढाईत, विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बिदर यांच्या एकत्रित फौजांनी विजयनगरच्या रामरायाचा पराभव केला. अली बरीद आपल्या फौजेसह गोवळकोंड्याच्या इब्राहिम कुतुबशाहाच्या बाजूला, डाव्या बगलेवर होता. त्या विजयानंतर विजयनगरची राजधानी लुटली गेली आणि दक्षिणेचे चित्रच पालटले. पण समान शत्रू संपताच मित्रांत पुन्हा वैर सुरू झाले. १५७० मध्ये विजापूरच्या अली आदिलशाहाने गोव्याला वेढा घातला आणि त्याच वेळी निजामशाहाने चौलवर स्वारी केली. पोर्तुगीजांनी दोन्ही ठिकाणी तग धरला. गोव्याच्या भवितव्याशी निगडित असलेला तो वेढा आपण आपल्या इतिहासात वाचतो. बिदरच्या राजाच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की, दोन बलाढ्य शेजारी समुद्राकडे तोंड करून आहेत तोवर आपल्याला उसंत आहे.

ती उसंत फार टिकली नाही. १५७९ मध्ये मुर्तझा निजामशाहाच्या फौजेने बिदरला वेढा दिला. वयोवृद्ध अली बरीदने विजापूरकडे मदत मागितली. त्या काळचा इतिहासकार फरिश्ता याने या मदतीची किंमत नोंदवून ठेवली आहे. बिदरच्या अंतःपुरात दोन देखणे तरुण खोजे होते. त्यांची कीर्ती अली आदिलशाहाच्या कानी गेली होती आणि सैन्याच्या बदल्यात त्याने ते दोघे मागितले. अली बरीदने होकार दिला. वेढा उठला आणि वचन पाळण्याची वेळ आली, तेव्हा त्या दोघांची विजापूरला पाठवणी झाली. त्यांची इच्छा कोणी विचारल्याची नोंद नाही. एप्रिल १५८० मध्ये, विजापुरात पोहोचल्यावर, त्यांतील थोरल्याने अली आदिलशाहाला सुऱ्याने भोसकून ठार केले. विजापूरच्या गादीवर नऊ वर्षांचा इब्राहिम बसला आणि राज्याचा भार विधवा झालेल्या चांदबिबीवर आला. पुढे अहमदनगरच्या तटावर उभी राहून मोगलांशी झुंजलेली ती हीच चांदबिबी.

अली बरीदच्या चरित्रातील हा प्रसंग टाळून त्याच्या दालनांचे कौतुक करता येत नाही. ज्या राजवाड्यात शिंपल्याचा तुकडा इतक्या हळुवारपणे बसविला गेला, त्याच राजवाड्यात जिवंत माणसे वस्तूंच्या यादीत होती. तरकश महाल या बिदरच्या दुसऱ्या वास्तूत बरीद राजांचे अंतःपूर होते असे सांगतात. ऐश्वर्याची ती दुसरी बाजू दगडात दिसत नाही, कागदावर दिसते. एका दालनाच्या सौंदर्याने दुसऱ्या दालनातील अन्याय पुसला जात नाही. तसाच त्या अन्यायामुळे अनाम सुताराच्या आणि पाथरवटाच्या हातचा गुणही उणा होत नाही. दोन्ही ध्यानात ठेवूनच हा महाल पाहायला हवा. रंगीन महालातून बाहेर पडताना त्या दोन तरुणांची आठवण ठेवणारे किती जण असतील?

आयुष्याच्या अखेरीस अली बरीदने आपली शेवटची वास्तू सजविली, ती म्हणजे स्वतःची कबर. बिदरच्या पश्चिमेला, उदगीरकडे जाणाऱ्या वाटेवर, चार भागांत आखलेल्या बागेच्या मध्यभागी ती उभी आहे. १५७७ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या तीन वर्षे आधी, ती पूर्ण झाली. बहामनी सुलतानांच्या कबरी चहूबाजूंनी बंद आणि आतून अंधाऱ्या आहेत. अली बरीदने घुमटाखालच्या चारही भिंतींत उंच कमानी ठेवून त्या उघड्या सोडल्या. वारा आरपार वाहतो आणि ऊन आतपर्यंत येते. आतल्या भिंतींवर रंगीत फरशांत फारसी पद्ये गुंफलेली आहेत, माणसाच्या नश्वरतेविषयीची. मधोमध घोटलेल्या काळ्या दगडाची कबर आहे. रंगीन महालात ज्या काळ्या कातळाला त्याने शिंपल्याने सजविले, तोच येथे विनाअलंकार ठेवला. शेजारच्या चौथऱ्यावर त्याच्या अंतःपुरातील स्त्रियांच्या कबरी आहेत. त्यांना छत नाही.

१५८० मध्ये अली बरीद वारला. त्याच्या वंशजांनी आणखी चार दशके कशीबशी गादी राखली. १६१९ मध्ये इब्राहिम आदिलशाह दुसरा याने, म्हणजे त्या रात्रीच्या घटनेमुळे बालवयात सुलतान झालेल्या राजानेच, बिदर जिंकून विजापूरला जोडले. १६५७ मध्ये किल्ला औरंगजेबाने घेतला. मोगलांनंतर निजामाचा अंमल आला. मधल्या काळात रंगीन महालाची फार हेळसांड झाली.

तो पुन्हा जगापुढे आणण्याचे श्रेय गुलाम याझदानी यांचे. हैदराबाद संस्थानात १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापन झाले आणि त्याची धुरा त्यांच्याकडे आली. अजिंठ्याच्या चित्रांवरील त्यांचे चार खंड प्रसिद्ध आहेत. बिदरच्या पडक्या वास्तूंची त्यांनी डागडुजी करविली, आराखडे काढविले, शिलालेख वाचले आणि १९४७ मध्ये बिदरच्या इतिहासावर व वास्तूंवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आज रंगीन महालाविषयी कोणीही काही लिहिले तरी त्याचा पाया त्या ग्रंथात असतो. ज्या वर्षी देश स्वतंत्र झाला आणि हैदराबाद संस्थानाचे भवितव्य टांगणीला लागले, त्याच वर्षी त्या संस्थानाच्या एका अधिकाऱ्याने साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या राजाच्या दालनांची इतकी काटेकोर नोंद छापून ठेवली. पुढे १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली. बिदर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले, उदगीर-औसा-कंधार तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्राकडे आले. अली बरीदने गमावलेल्या किल्ल्यांची आणि राखलेल्या राजधानीची वाटणी पुन्हा एकदा जवळपास त्याच रेषेवर झाली.

राजा म्हणून अली बरीदची कारकीर्द उणी पडली, हे नाकारण्याचे कारण नाही. त्याने किल्ले गमावले, एकट्याच्या बळावर मोठी लढाई जिंकली नाही आणि संकटसमयी माणसे देऊन सुटका करून घेतली. तरीही ज्या राजांनी त्याचे किल्ले हिरावून घेतले, त्यांतल्या कित्येकांच्या बैठकीच्या दालनांचा आज मागमूस उरलेला नाही. बिदरच्या पठारावर, जांभ्याच्या तटाआड, काळ्या दगडातला शिंपला अजून उजेडाची वाट पाहतो. ऊन आत येण्याच्या वेळी जावे आणि त्या दारापाशी थोडे थांबावे. काळ्या कातळावरची एक वेल आधी पांढरी दिसते, मग गुलाबी आणि ऊन सरकल्यावर पुन्हा पांढरी.